ओल्या सालींचा वाटा

ईस्टरआधीचा मोठा उपवास लागण्याच्या आदल्या रविवारी, रशियातल्या ओनेगा नदीकाठचं अख्खं गाव धिरडी घालत असताना, कापा आजीच्या धुराड्याने पेट घेतला. शेजारच्या प्रोखोरने चुलीत पिशवीभर मीठ ओतून तिची दारं घट्ट लावली, तेव्हा कुठे आतल्या आगीचं घुमणं थांबलं. घर वाचलं, चुलीला मात्र वरपासून खालपर्यंत भेग गेली.

"आजी, धिरडी खायला सैतानाला बोलावलं होतंस का गं?" समोरचा टेरेंती ओरडला. लोक हसले.

"म्हातारी झाले रे. धुराडं झाडायचं राहिलं," आजी म्हणाली.

प्रोखोरची बायको फाइना बादली धरून उभी होती. ती हसली नाही. धुराडं पानगळीत प्रोखोरनेच झाडलं होतं.

प्रोखोरसारखं लाकूड कापायच्या सॉमिलमध्ये राबणाऱ्याच्या घराला टाकाऊ फळकुटांची आणि सालींची एक गाडी मिळते. शेजारी एकटी बाई असली की अर्धी गाडी तिच्या अंगणात, ही गावाची रीत. यंदाची वाटणी फाइनाने केली होती. ढीग अगदी सारखे. फक्त सुकी फळकुटं तिने आपल्या छपराखाली रचली आणि नदीतून आलेल्या ओंडक्यांच्या चिंब साली आजीकडे लोटल्या. सालही जळतेच की! वर देवमातेच्या तसबिरीपुढे सांगितलं, माते, आज विधवेला अर्धं दिलं. ओली साल नुसती धुमसते, तिची काजळी डांबरासारखी धुराड्याला धरते, हे सॉमिलमधल्या कामगाराच्या बायकोला का कोणी शिकवायचं?

या रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये एकमेकांची क्षमा मागायची असते. प्रत्येकाने प्रत्येकापुढे वाकायचं, "मला क्षमा कर" म्हणायचं, उत्तर ठरलेलं, "देव करील, तूही मला कर." फाइना भराभर वाकत होती. पाद्रीबाबा झाले, टेरेंती झाला, नणंद झाली. आजी दिसली की मात्र मागे सरायची. शेवटी आजीच तिच्यापुढे वाकली.

"क्षमा कर, पोरी. सणाच्या दिवशी तुझ्या नवऱ्याला काजळीत घातलं."

ठरलेलं उत्तर फाइनाच्या तोंडून निघेना. "साली ओल्या होत्या, आजी. मी निवडून तुझ्याकडे टाकल्या."

"ठाऊक आहे. हाताला ओलं कळत नाही होय?"

"मग सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"ते तुझं होतं बोलायचं." आजीने तिच्या खांद्याला ओठ टेकले. "देव करील. तूही मला कर."

त्या रात्री आजी फाइनाच्याच घरी, सुक्या फळकुटांनी तापलेल्या चुलीच्या रुंद, निजायच्या माथ्यावर निजली. फाइनाला त्या उबेत डोळा लागला नाही.

सकाळी प्रोखोर आजीच्या चुलीची भेग लिंपायला गेला आणि फाइनाने बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर फळकुटं चढवली.

"वा, फाइना अर्खिपोव्हना!" कुंपणावरून टेरेंती खोट्या मानाने, बापाच्या नावासकट म्हणाला. "उपवास लागला नाही तोच पुण्य सुरू?"

आणखी दोघी थांबून बघत होत्या. फाइनाचे कान तापले.

"पुण्य कसलं? आजीचंच आहे हे. मी ठेवून घेतलं होतं. धुराडं माझ्यामुळे पेटलं."

आजीचं फाटक वीस पावलांवर होतं. फाइना मान खाली घालून दोर ओढत राहिली. अजून तीन खेपा बाकी होत्या.