घंगाळातली सोलां

अन्नात सूड कालवू नये, हा आमच्या घरचा धर्म होता. तो साधारण रातांबे पिकेपर्यंत टिकत असे.

रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार रोपे मी लग्नानंतर माहेरहून, रेडीहून आणली आणि परड्यात विहिरीजवळ लावली. आठव्या वर्षी कळले की त्यांतली दोन नर आहेत. त्यांना फळ धरत नाही, पण पाणी आणि सावली ती बरोबरीने घेतात. घरात असे आधीच काही जण असल्यामुळे मी ती तोडली नाहीत. उरलेल्या दोन झाडांवर मात्र माझी सोलां, म्हणजे आमसुले, होत असत. फळे फोडून बिया काढायच्या, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. असे सहा-सात दिवस. तेवढे दिवस माझी बोटे जांभळी असत.

थोरल्या जाऊबाई गिरगावात वाढलेल्या. भावोजी पेन्शनीत निघाल्यावर त्या गावी आल्या आणि थोरलेपण घेऊन माजघरात बसल्या. परड्यात त्या चप्पल घातल्याशिवाय येत नसत. तालुक्याचे शेतकी प्रदर्शन भरले तेव्हा माझी सोलांची बरणी त्यांनीच नेली. बरणीवर चिठ्ठी त्यांच्या नावाची. पहिला नंबर आला. मामलेदारांच्या सहीचे प्रशस्तिपत्र चौकटीत घालून देवांच्या शेजारी लागले आणि रोज दिवा लावताना मला त्यालाही हात जोडल्यासारखे होई.

"घरचं एकच," जाऊबाई म्हणाल्या. "तुझं काय नि माझं काय."

ते खरे असते तर चिठ्ठीवर माझे नाव घालायला काहीच हरकत नव्हती. मी तसे बोलले नाही. वर्षभर थांबले.

पुढच्या वर्षी तालुक्याहून पत्र आले: गतवर्षीच्या विजेत्या बाईंनी तीन दिवस मांडवात बसून सोलां करण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच परड्यात अनवाणी आल्या.

"कसं करतेस गो तू ते?"

मी सगळे सांगितले. मीठ किती, ऊन किती, सालीची कुठली बाजू वर ठेवायची. काहीही लपवले नाही. शेवटी म्हणाले, "आणि वहिनी, रस मडक्यातच—"

"भांड्याचं मला शिकवू नकोस. मामलेदारांसमोर मडकं घेऊन बसू?"

त्यांनी आपले माहेरचे पितळेचे घंगाळ काढले. काठावर त्यांचे नाव कोरलेले. ते आंघोळीच्या पाण्याचे, म्हणून आत कधी कल्हई नव्हती. आमच्याकडची शेंबडी पोरसुद्धा आंबट वस्तू कल्हई नसलेल्या पितळेत ठेवणार नाही. पण मला भांड्याचे शिकवायला मनाई होती.

सासूबाई पडवीत सुपारी कातरत होत्या. घंगाळ गाडीत चढताना त्यांनी पाहिले.

"तिका सांगलंस मगे?"

"सांगूक गेलंय. आयकूक नाय."

सासूबाईंनी खांड तोंडात टाकले. "मग ऱ्हवांदे. थोरली आसा ती."

मी तिन्ही दिवस प्रदर्शनाला गेले. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी घंगाळाची नावाची बाजू लोकांकडे फिरवली आणि 'आपल्या भगिनींनो' अशी सुरुवात करून कोकणच्या गृहिणीच्या तपश्चर्येवर बोलल्या. साली रसात पडल्या. दुसऱ्या दिवशी रसाच्या कडेने हिरवट रेघ आली. एका बाईने विचारले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "ती पिकल्याची खूण." मी मागच्या रांगेत बसून शेंगदाणे खाल्ले. इतके चवदार शेंगदाणे पुन्हा मिळाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामलेदारीणबाईंनी एक सोल तोंडात घातले आणि लगेच रुमालात काढले. दोनदा चुळा भरल्या.

"अहो, ही पितळली आहेत."

 जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग उभ्या राहून स्वच्छ, खणखणीत आवाजात माझे संपूर्ण नाव घेतले, नवऱ्याच्या नावासकट. "माझ्या धाकट्या जावेची ही रीत. सोलां आमच्याकडे तीच करते. गेल्या वर्षीचीही तिचीच."

म्हणजे मला हवे होते तेच त्या बोलल्या, शब्दन् शब्द. मामलेदारीणबाईंनी मागे वळून मला नीट पाहून ठेवले.

घरी येऊन मी प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढले.  सोलां परड्यात खड्डा करून पुरली. घंगाळ मात्र आतून असे लखलखीत निघाले होते, की त्या दिवाळीला ते घासावे लागले नाही.