तुळजाबाईंचा गळा

रावसाहेबांनी चहा बशीत ओतला आणि दार वाजलं. धायरीच्या भजनी मंडळाच्या तुळजाबाई होत्या.

"भाऊ, तुमचा स्पीकर दुसऱ्या कुनाला द्या. माजा गळाच गेलाय, गानं बंद."

कंपनीतून व्हीआरएस घेतल्यापासून रावसाहेब घरीच स्पीकर बनवत. खोक्यातल्या मोठ्या आणि छोट्या स्पीकरचा आवाज जुळून यावा म्हणून ऑल-पास फिल्टर लागतो. तो आवाज वाढवत-घटवत नाही, फक्त वेळ जुळवतो. 'कुणाला कळतंय' म्हणत मंडळाच्या स्पीकरमध्ये त्यांनी तो गाळला होता. त्यामुळे त्यातून बाईंचे मधले सूर पोकळ येत. वर बाईंच्या तक्रारीला रावसाहेबांनी उत्तर दिलं होतं, "वय झालं की असंच व्हायचं."

चहा निवून गेला. मान खाली घालूनच ते म्हणाले, "गळा धड आहे, ताई. चूक माझी आहे. स्पीकर दुरुस्त करून आणतो, मग एकदा गाऊन बघा."