पत्ता सांगणारे साडभाऊ

निर्णय घ्यायला आमच्या साडभाऊंइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो अजून विचारच करत बसला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हुडकेश्वरला राहतात. कूलर घ्यायचा ठरवून त्यांनी तीन उन्हाळे काढले. नागपूरचे उन्हाळे, बरं का! प्रत्येक दुकानात कूलरसमोर स्टूल टाकून अर्धा अर्धा तास हवा खात बसायचे. एका दुकानदाराने शेवटी त्यांना गिऱ्हाईक समजणंच सोडलं आणि चहा द्यायला सुरुवात केली. एकदाचा कूलर आला, तर जुना काढेनात. एका खिडकीत नवा, दुसऱ्या खिडकीत जुना आणि मधे माझी मेहुणी दोन्हीकडून गारठलेली. ती म्हणायची, "काढा ना ते डबडं!" हे म्हणायचे, "चालून राहिलं ना वं. नव्याचा काय भरोसा?"

धंतोलीतल्या एका दवाखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं काम साडभाऊंकडे होतं. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जेवायला बसलं की ते मलाच समजावत. "हे पाह्य गा, दवाखान्याचे सगळे प्रोग्राम एकेका डब्यात बंद आहेत. नाव नोंदवाचा एक डबा, रिपोर्ट दाखवाचा एक डबा. आता हे डबे भाडेकरूवानी, आज इथं तं उद्या तिथं. मंग कोण कुठं राह्यते, हे कोणाले तरी मालूम पाह्यजे ना? नाव घेतलं का पत्ता सांगते, तो डीएनएस." हा पत्ता सांगणारा जुना प्रोग्राम आता म्हातारा झाला होता, यंत्रणेची पुढची आवृत्ती त्याला घेणार नव्हती. नवा निवडणं भाग होतं. झालं! साडभाऊंनी दोनशे पानी वही आणली, गुण-दोष लिहिले, आणि महिनोन्महिने मला विचारत राहिले, "तुले काय वाटते गा?" मला काय वाटणार, कपाळ! शेवटी सगळं जग जो वापरतं तोच नवा त्यांनी निवडला. आणि सवयीप्रमाणे जुनाही शेजारी चालू ठेवला. काही डबे नव्याला विचारत, काही जुन्याला.

तीन महिने हे असंच चाललं. मग दवाखान्यात नव्याने आलेल्या मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं की जुनं आता बंद करा, आणि या बदलापायी ओपीडीत गोंधळ झाला तर पुढच्या महिन्यापासून काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. साडभाऊंचा चेहरा उतरला. तो दवाखाना म्हणजे त्यांचा जीव होता हो! एका रविवारी दुपारी, ओपीडी बंद असताना, देवाचं नाव घेऊन त्यांनी जुनं बंद केलं. सगळं सुरळीत. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी माझा गुडघा दाखवायला मी तिथेच होतो. साडेदहाला काउंटरवर एकदम कालवा झाला. लॅबचे रिपोर्ट दिसेनात! लॅब दोन गल्ल्या सोडून होती, तिचा कॉम्प्युटर या डब्यांच्या बाहेरचा. तिचा पत्ता साडभाऊंनी फार पूर्वी जुन्यात हाताने लिहून ठेवला होता, तो नव्यात लिहायचा राहिला. आणि इतके दिवस जुनाच शेजारून उत्तर देत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. साडभाऊंच्या सावधपणानेच त्यांचा घात केला.

काउंटरवर वणीची एक बाई रडकुंडीला आली होती. "रातपासून उपाशी आहेत जी हे. रिपोर्टाबिगर ऑपरेशन होत नाही म्हणतात." साडभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि सरळ स्कूटरची किल्ली काढली. मी ओरडलो, "अहो, आधी ते यंत्र बघा!"

"मशीन उपाशी नाही गा!" असं म्हणत हा गृहस्थ गेला, लॅबमधून सगळ्यांचे रिपोर्ट छापून घेऊन आला, ज्याचे त्याच्या हातात दिले, आणि मग घाम पुसत खुर्चीवर बसला. दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर रिपोर्ट दिसायला लागले.

काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आम्ही वर काहीच सांगत नाही." माझा जीव भांड्यात पडला. तर हे उठून मॅनेजरबाईंच्या केबिनकडे निघाले! मी बाही धरून ओढली. "अहो, कोणाला कळलंय का? गप बसा ना!"

"मी गप बसलो, तं उद्या ह्या जागेवर जो येईन त्याले कसं समजन? चूक माही होय, ते लिहून ठेवाले पाह्यजे." बाही सोडवून ते आत गेले. क्षणभरही थांबले नाहीत.

काम गेलं. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही, इतका राग आला होता.

महिन्याभराने पुन्हा गुडघ्यासाठी गेलो, तेव्हा सगळं झटपट चाललं होतं. नव्या लोकांचं काम कसं आहे, असं मी त्या मुलीला विचारलं. "चांगलं आहे, काका. फोन केला का तक्रारीचा नंबर मागतात." मग माझी पावती पुढे करत म्हणाली, "सर पहिले विचारायचे, पेशंट कोणत्या गावचा आहे वं?"

त्या दिवशी मी त्यांची बाही ओढली, याची मला फार लाज वाटली.