वाळैला सोबत

आई गेली त्या उन्हाळ्यात आमच्या तमिळ गावातली अरसलार नदी नेहमीसारखी आटली होती. पात्रात वाळू आणि मधे मधे डबकी. अप्पा रोज सकाळी त्या वाळूतून एकटेच चालून येत. एके दिवशी ते परतले ते तांब्यावर पंचा झाकून. आत तळहाताएवढा मासा होता.

"डबकं आटत होतं, मेलाच असता," एवढंच बोलले आणि मागच्या अंगणातल्या हौदात त्यांनी तो सोडला.

आमचं घर वैष्णव. मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. पण आई गेल्यापासून अप्पा दिवसाला चार वाक्यंसुद्धा बोलत नव्हते, म्हणून मी तो राहू दिला.

तो वाळै होता. महाराष्ट्रात त्याला शिवडा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. चपटा, चांदीच्या रंगाचा, दोन लांब मिशा आणि तोंडाची फट डोळ्यांच्याही मागे गेलेली. आधी केळीच्या बुंध्याशी खणून काढलेली गांडुळं खाई. मग अप्पा त्याच्यासाठी बारीक मासे आणू लागले, पानात गुंडाळून, मागच्या दाराने. दीड वर्षात तो माझ्या हाताएवढा लांब झाला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची, तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. संध्याकाळी घरी यावं तर मराठी बोलायला एक अप्पा, आणि ते हौदापाशी स्टूल टाकून बसलेले. मी कॉफी नेऊन देई. ते पेला घेत आणि पाण्यात बघत राहत.

एकदा म्हणाले, "येकटा आहे गे तो. सोबत पाहिजे त्याला."

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. मी बरोबर होते. मासे विकणाऱ्या म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि ती हसली. "वाळैशेजारी कोणी काही ठेवतं का, मालक? तोंडात मावेल ते तो गिळतो. मावत नाही त्याचे लचके तोडतो. ठेवायचाच तर त्याच्याहून मोठा ठेवा."

मोठा जिवंत मासा कुठे मिळेना. आठवडाभराने अप्पांनी केळुत्ति नावाचा मासा आणला. हाही मिशाळ, पण वीतभर लांब आणि कल्ल्यांपाशी, पाठीवर टणक काटे.

"अप्पा, हा त्याच्या तोंडात मावेल."

"मावला तरी गिळायचा नाही. काटे आहेत ना."

त्यांनी मधे बांबूची ताटी लावली, केळुत्तिला लपायला फुटका माठ ठेवला. दहा दिवसांनी ताटी काढली. काहीच झालं नाही. वाळै वरच्या पाण्यात फिरे, केळुत्ति माठात. तीन आठवडे असे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत अप्पा बोलत होते. जेवताना, हात धुताना, मी चपला घालत असतानाही. "आज दोघं जवळ जवळ होते. काही केलं नाही त्याने." मी एक्स्चेंजमधून थेट घरी येऊ लागले.

मग एका सकाळी अप्पांनी मला मोठ्याने हाक मारली. वाळै पाण्यावर कलंडला होता. तोंडातून केळुत्तिची शेपटी बाहेर लोंबत होती आणि गालातून एक काटा आरपार आला होता. अप्पा धोतर खोचून हौदात उतरले. ओढलं तर काटे आणखी रुतत. आतही जाईनात, बाहेरही येईनात.

"अडकित्ता आण!"

मी आईचा अडकित्ता आणला. आयुष्यात मासा हातात धरला नव्हता, त्या दिवशी दोन्ही हातांनी धरला. बुळबुळीत, जड, आणि सारखा थरथरत होता. अप्पांनी काटा तोडला. केळुत्ति बाहेर आला तो मेलेलाच. वाळै तीन दिवस जगला, पण त्याने काही खाल्लं नाही. दोघांनाही अप्पांनी केळीखाली पुरलं.

"येकटा होता तो बरा होता. मला समजलं नाही," ते म्हणाले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण आमच्यात तशी सवय नव्हती. मी हौदातलं पाणी उपसायला लागले.

त्या रविवारी जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "तुला इथं करमतं का गे?"

मी ताटात बघत म्हटलं, "करमतं."

त्यांनी मान हलवली आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. त्यानंतर ते पाच वर्षं जगले, पण हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. करमत नाही हे खरं मी तेव्हा सांगितलं असतं, तर आम्ही कदाचित थोडा वेळ बोलत बसलो असतो.