फुकटच्या अपडेटची फ्लॉपी

आमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणापुढे नुसतं "अपडेट" म्हणा, चहा गार होईपर्यंत किस्से निघतात. नव्वदच्या दशकात अंबरनाथला आम्ही मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकायचो. बारीकसारीक दुरुस्त्यांची फ्लॉपी घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचं आणि ती का घालून घ्यावी ते पटवायचं, हे माझं काम. पटवता पटवता बहुतेक वेळा मीच गोंधळायचे!

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये चंदूमल शेठचा प्रेस. शेठ म्हणाले, "मॅडम, चालू मशीन को हाथ नहीं लगाने का!"

"शेठ, फुकट आहे."

"फुकट? फिर तो पक्का लफडा है!"

बदलापूरला हेंद्रेपाड्यात प्रधान साहेब, कारखान्यातून रिटायर झालेले, आत्मचरित्र टाइप करत होते. त्यांनी चष्मा लावून दुरुस्त्यांची यादी वाचली.

"सात चुका दुरुस्त केल्या, असं लिहिलंय. म्हणजे वर्षभर मी तुमच्या सात चुका वापरत होतो?"

"हो... म्हणजे नाही, साहेब."

"बरं. या फ्लॉपीत नव्या किती आहेत?"



बदलापूर गावातल्या शाळेत हेडक्लार्क पाटील भाऊंनी फ्लॉपी ठेवून घेतली, सही-शिक्क्याची पोचही दिली. महिन्याने मी फोन केला, "भाऊ, अपडेट घातला का?"

"घातला की!"

"काही अडचण?"

"छे! कपाटात आहे. कुलपात!"

आणि गायकवाडताई. अंबरनाथच्या एका साप्ताहिकात त्या टायपिंग करायच्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा "ऱ्य" उमटायचाच नाही, त्याच्या जागी काळा चौकोन यायचा. अपडेटमध्ये तेही दुरुस्त केलं होतं. मी अपडेट घालून हौसेने "कर्मचाऱ्यांना" टाइप करून दाखवलं. ताई बघतच राहिल्या.

"ताई, मग वर्षभर तुम्ही काय करत होतात?"

"ते अक्षरच टाळत होते. 'कर्मचाऱ्यांना' आलं की 'कामगारांना'. 'अधिकाऱ्यांनी' आलं की 'साहेबांनी'. कधी कधी अख्खं वाक्यच फिरवायला लागायचं. संपादकांचे अग्रलेख तर अर्धे मीच नव्याने लिहिलेत."

"त्यांना कळलं नाही?"

"त्यांना वाचकांची पत्रं येतात ना! हल्ली फार सोपं, छान लिहिता म्हणून. सगळी जपून ठेवलीत त्यांनी."

ताईंनी एकदा संपादकांच्या केबिनच्या दाराकडे पाहिलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "मॅडम, हा अपडेट काढता येतो का?"