माशीचा कोपरा

आमच्या आत्याचा धंदा म्हणजे मेलेल्या लेखनिकांच्या चुका काढणे. दोन हजार वर्षांपूर्वी हिब्रू बायबलची पुस्तकं चामड्याच्या गुंडाळ्यांवर हातानं उतरवत. उतरवणारा शेवटी माणूसच. त्याला डुलकी लागायची, एखादी ओळ गळायची, कुठे ध चा मा व्हायचा. अशा प्रती ताडून मूळ शब्द शोधायचा, याला पाठचिकित्सा म्हणतात. आत्या म्हणायची, "देवाला एक वेळ माफ करीन, नकलनवीसाला नाही." देवानं यावर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तिचं सगळं नाव एका अक्षरावर उभं होतं. हिब्रूतले द आणि र म्हणजे जुळे भाऊ. द च्या पाठीला बारीकसा कोपरा, र ची पाठ गोल. आत्याला एका तुकड्यावर तो कोपरा दिसला आणि वाक्यात 'चाकर' आला. दुसऱ्या विद्यापीठातल्या तिच्या वैऱ्यानं, ज्याला ती टकल्या म्हणायची, तिथे र वाचला आणि अर्थ लावला 'पार गेला'. झालं! यावर दोघांनी जाडजूड पुस्तकं लिहून एकमेकांना झोडपलं. चाकर होता की कुणी पार गेलं, याची जगात तिसऱ्या कुणाला पडली नव्हती. टकल्याचा लेख आला की आत्याचं पित्त खवळायचं, आणि बरेच दिवस आला नाही की तिला जेवण जायचं नाही.

मग संग्रहालयानं त्या तुकड्याचा इन्फ्रारेड फोटो काढला. शाई काळीभोर दिसली, कोपरा गायब. तपासणाऱ्या बाई चाचरत म्हणाल्या, "मॅडम, ती माशीची घाण होती." मक्षिकास्थाने मक्षिका आपण नकलनवीसाला म्हणतो, इथे माशीनं आमच्या आत्याला थेट प्राध्यापक करून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात कळलं, टकल्या हृदयविकारानं हॉस्पिटलात आहे आणि डॉक्टरांना फारशी आशा नाही.

"ताई, गप्प बस," बाबा म्हणाले. "तो बिचारा चाललाय. आता कशाला स्वतःची अब्रू घालवतेस?"

"अरे, तो बरोबर होता. हे न कळताच गेला तर?"

तिनं फोटो पर्समध्ये टाकला आणि मला गाडी काढायला लावली.

"कोपरा माशीचा निघाला," हॉस्पिटलात आत्यानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. "र च आहे. तू बरोबर, मी गाढव."

टकल्यानं फोटो डोळ्यांशी धरला. मला वाटलं, आता हसणार. पण त्याचा चेहराच पडला.

"अगं बाई, मी नव्या पुस्तकात द मान्य केलाय. गेल्याच महिन्यात छापून आलं."

"काय? कशासाठी?"

"तुझं शेवटचं प्रकरण वाचलं. पटलं."

"गधड्या, पटायला काय झालं तुला? चांगला बरोबर होतास की!" आत्या ओरडत होती आणि ढसाढसा रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आता मलाच तुझ्याविरुद्ध लिहावं लागणार!"

"लिही ना. तुझ्याशिवाय माझं वाचतंय कोण?"

"मग तोवर मरू नकोस."

आरडाओरडा ऐकून नर्स धावत आली. आत्याकडे आत यायचा पास नव्हता. नर्सनं वैतागून पेन काढलं. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"वैरी," आत्या नाक पुसत म्हणाली.

नर्सनं लिहिलं, 'वहिनी'.

आत्यानं चष्मा लावून पास नीट वाचला. मग तो तसाच पदराला टाचला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.