हाकेला बसणारं कुत्रं

अन्याय झाला तो एका धनगर बाईवर. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी, ऊन चावडीच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं तेव्हा. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्याकडं अन्यायाला ना वार असतो ना वेळ. विचारलं तर लोक म्हणतात, झालं असंल मागं कवातरी. कवातरी नव्हे. मंगळवारी. ज्यानं केला तो पाटील त्या पायरीवर पान चघळत बसला होता, आणि ज्याच्या मदतीवाचून तो झाला नसता तो मी, त्याच्यापासून चार हातांवर, कागद घेऊन उभा होतो.

बाई शिरूर कासारच्या बाजूची. नवरा वारलेला, मुलगी सासरी. जवळ मेंढरांचा एक कळप आणि त्यावर राखणीला एक तांबडं कुत्रं. दिवाळी झाली की ती कळप घेऊन गोदावरीकडं उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. वाटेत डोंगर, डोंगरात लांडगे. मेंढ्या गाभण असतात, वाटेतच वितात. म्हणून वेळेत निघावं लागतं आणि कुत्र्याशिवाय निघता येत नाही. कुत्रं मिळालं तर ती उतरणार होती. नाही मिळालं तर कळप उघड्या माळावर उपाशी बसणार होता. सगळा खटला एवढ्याचा होता. बाकी जे काही त्यात आलं ते पाटलानं आणलं, आणि थोडं मी.

दसऱ्याच्या सुमारास ती नारायणगडाच्या पायथ्यानं चालली होती. गडावर जाणाऱ्यांची गर्दी, बैलगाड्यांची रांग, ढोल वाजताहेत, त्यात एक कोकरू बुजून ओढ्याकडं पळालं. कळप तिनं बाभळीच्या आडोशाला दाबला, रस्त्याच्या कडेला कुत्र्याला बसवलं आणि ती कोकराच्या मागं गेली. परत आली तर कळप जागेवर आणि कुत्रं नाही. लोकांनी सांगितलं, पाटलाच्या गाडीत घालून नेलं. दोघा गड्यांनी उचललं, ते जागचं हललंसुद्धा नाही.

हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जागचं हललंसुद्धा नाही, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. वापरले मात्र नाहीत.

मी तेव्हा नुकता विशीत शिरलो होतो. नगरहून छापून येणारी पत्रकं गुळाच्या ढेपांखाली दडवून आणायची, लिंबागणेशच्या, बीडच्या बाजारात वाटायची, आणि पोलीस दिसला की गुळाचा भाव सांगायला लागायचं, हा माझा उद्योग. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवून बोलायचं तरी परवानगी लागे. मग आम्ही कागदावर बोलायचो, आणि कागदावर मोठ्यानं बोलायची सवय लागते. बाई माझ्याकडं आली ती बाजारात कुणीतरी सांगितलं म्हणून, की हा पोरगा अर्ज लिहितो आणि घाबरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ऐकून घेतो, असं कुणी सांगितलं नव्हतं.

पाटलाचं म्हणणं असं की कुत्रं त्याचंच. पिल्लू असताना बाजारातून आणलेलं, मध्यंतरी हरवलेलं, गडाच्या वाटेवर सापडलं. बाईच्या बाजूनं साक्षीला एकच माणूस तयार झाला, बीडचा एक म्हातारा मुसलमान व्यापारी. तो दरसाल तिच्याकडून लोकर घ्यायचा आणि घोंगड्या विणणाऱ्यांना विकायचा. कुत्र्याला त्यानं पिल्लू असल्यापासून पाहिलं होतं, मेंढीच्या आचळाला लागलेलं. धनगर पिल्लाला मेंढीचं दूध पाजतात, म्हणजे ते कळपाला आपलं घर समजतं. म्हातारा तट्टावर बसून एवढ्या लांब आला, चावडीवर नीट बोलला, आणि पाटील म्हणाला, ह्याचा धंदा तिच्याशी, हा तिचंच गाणार. गावातल्या किती जणांनी ते कुत्रं तिच्या कळपात पाहिलं होतं? निम्म्या गावानं. त्यांच्याच शेतात ती मेंढरं बसवायची, त्यांच्याच पिकाला ते खत. साक्षीला एकही उभा राहिला नाही. पाटलाचं कुत्रं हाय म्हणतोय तर आसंल, म्हणाले.

म्हणून मी अर्जात युक्ती घातली. आधी रयत, जुलूम, न्यायाची बूज वगैरे दीड पान लिहिलं. शेवटी लिहिलं की साक्षीदार घाबरतात, कुत्रं घाबरणार नाही. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर येतील तेव्हा चावडीसमोर त्याला मधोमध सोडावं, दोघांनी दोन टोकांना उभं राहून हाक मारावी, आणि ज्याच्याकडं जाईल त्याचं ते ठरवावं. कचेरीसाठी ते उर्दूत करून घेतलं. बाईनं विचारलं, काय लिहिलंस लेकरा? मी तिला रयत आणि जुलूम वाचून दाखवलं. ती मान हलवत राहिली. शेवटचं कलम वाचलं नाही. गंमत म्हणून ठेवलं होतं. ऐनवेळी तिलाही आनंद होईल, असं वाटलं.

पाटलानं ही अट ऐकली आणि लगेच कबूल केली. तिथंच मला कळायला हवं होतं. आयुष्यात कधी लगेच कबूल न होणारा माणूस तो.

तहसीलदार आले, खुर्चीवर बसले, शेजारी पेशकार कागद घेऊन बसला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पाटील मला बघून म्हणाला, "काय बे कागदवाल्या, आज गूळ न्हाई आणला?" लोक हसले. चावडीसमोर राखेच्या दोन रेघा ओढल्या. त्या मीच ओढल्या, माझ्या हातानं, कुणी फसवू नये म्हणून. रेघ ओलांडील त्याचा दावा गेला, हेही मीच मोठ्यानं सांगितलं. एका रेघेवर पाटील, हातात तूप लावलेली भाकर. दुसऱ्या रेघेवर बाई, रिकाम्या हातानं. मधे कुत्रं, साखळी काढलेली.

काय व्हायचं आहे ते बाईला तेव्हा उमगलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आसं न्हाई येत ते." मी म्हणालो, मावशी, तुम्ही फक्त हाक मारा. ती परत काही सांगायला लागली. मी म्हणालो, साहेब खोळंबलेत.

पाटील मोठ्या मनानं म्हणाला, "पयली हाक बाईची." लोकांना ते फार आवडलं. एकदोघांनी माना डोलावल्या.

बाईनं हाक दिली. लांब, सपाट, माळावर मैलभर जाईल अशी. कुत्र्याचे कान उभे राहिले, त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि ते खाली बसलं.

मी ओरडलो, मावशी, जोरात. तिनं पुन्हा हाक दिली. कुत्र्यानं पुढचे पाय लांब केले आणि पोट जमिनीला लावलं. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, झोपतंय की काय. मी वेड्यासारखा, अजून एकदा, अजून एकदा, म्हणत होतो, आणि तिच्या प्रत्येक हाकेला ते कुत्रं आणखी घट्ट बसत होतं. मग पाटलानं बोलावलं, चुचकारलं, भाकर टाकली. भाकर कुत्र्याच्या तोंडापासून हातभर लांब पडली. त्यानं एकदा बघितली आणि बघायचं सोडून दिलं. ते तिच्याकडंच तोंड करून बसून राहिलं.

तहसीलदार म्हणाले, कुत्रं कुणाकडंच गेलं नाही. तेव्हा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडं राहील. पेशकारानं लिहिलं. निकाल झाला.

तेव्हा बाई बोलली. कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, माझ्या हाकंला ते बसतंय. म्या हाक दिली का जागा सोडायची न्हाई, आसं शिकवलंय त्येला. हाकंला माझ्याकडं पळत आलं तर मेंढरं लांडग्याला सोपी. म्या जवळ जाऊन मानंवर हात ठेवल्याबिगर ते उठत न्हाई. तुमी बगा, म्या जाते."

तहसीलदारांनी पेशकाराकडं पाहिलं, पेशकारानं कागदाकडं. हे आधी सांगायचं होतं, साहेब म्हणाले. कोणाला सांगायचं होतं? तिनं मला सांगितलं होतं. साहेबांचा घोडा तयार होता. पुढच्या गावी लोक थांबले होते.

ती रेघ ओलांडून निघाली तर पाटलाचा गडी आडवा आला. निकाल झालाय, म्हणाला, आता आमच्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई. ती म्हणाली, "नुसता मानंवर ठेवू दे. उठवून देते. तुमीच न्या मग." त्यानं तेवढंही करू दिलं नाही, आणि पाटील पायरीवरून सगळं बघत होता. साखळी घातली, ओढलं. कुत्रं उठेना. शेवटी ते बसल्या स्थितीतच ओढत नेलं, राखेची माझी रेघ पुसत. ते ओरडलंसुद्धा नाही. गाव उभं होतं आणि गावही ओरडलं नाही.

म्हातारा व्यापारी तट्टावर चढता चढता मला म्हणाला, "बेटा, कागद लई झ्याक लिव्हला. बाईला एकदा इचारून लिव्हायचा होता." माझ्या दीड पानात रयत होती, बाई नव्हती.

पाटील कसा लगेच कबूल झाला ते पुढं त्याच्याच गड्यानं, पाटलाशी बिनसल्यावर, मला सांगितलं. कुत्रं नेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाई त्याच्या दाराशी आली होती. आत येऊ दिलं नाही तेव्हा तिनं भिंतीबाहेरून हाक मारली होती, आणि आत अंगणात कुत्रं सटकन खाली बसलं होतं. पाटील ओट्यावर दात घासत होता. दोन दिवस ते कुत्रं त्या जागेवरून हललं नाही, भाकरीला शिवलं नाही. म्हणजे त्याला नक्की माहीत होतं कुत्रं कुणाचं. चावडीत त्यानं जिंकलं ते त्याच पुराव्यावर, ज्यावर त्यानं हरायला हवं होतं. आणि तो पुरावा चावडीपर्यंत वाहून नेणारा हमाल मी.

बाई पंधरा दिवस थांबली, चारा संपला, मग कुत्र्यावाचून निघाली. डोंगरातल्या पहिल्याच मुक्कामाला लांडगे शिरले. ती परत आली तेव्हा कळप निम्मा होता. हे तिनं मला बाजारात सांगितलं, भाव सांगावा तशा आवाजात. मी रडकुंडीला आलो तर म्हणाली, "तू कावून रडतूस? मेंढरं काय तुजी व्हती?"

मधे पत्रकांपायी मला वर्षभर जिल्ह्याबाहेर राहावं लागलं. यंदा त्या मंगळवारानंतरची तिसरी दिवाळी. बाईनं नवं कुत्रं पाळलंय. लांडग्याचा वास आला की ते तिच्याच पायांत येऊन लपतं. तांबडं अजून पाटलाच्या दारात साखळीला आहे. ते राखण काहीच करत नाही, बसून असतं. पाटलाला त्याचा उपयोग शून्य. सोडत नाही, कारण सोडलं तर दिलं असं होईल.

मी नवा अर्ज लिहिला आहे. अर्धं पान. त्यात रयत नाही, जुलूम नाही. एकच मागणी आहे: बाईला त्या कुत्र्याजवळ जाऊ द्यावं, मानेवर हात ठेवू द्यावा, आणि ते उठून कुणाच्या मागं जातं ते साहेबांनी बघावं. या खेपेला लिहिण्याआधी तिला विचारलं आणि लिहिल्यावर दोनदा वाचून दाखवलं. एक ओळ तिनं काढायला लावली.

आता तुम्ही. त्या मंगळवारी तुम्ही चावडीसमोर होता. नसाल, तर तुमचा बाप होता, चुलता होता. तिची मेंढरं तुमच्या शेतात बसली आहेत, ते कुत्रं तुमच्या बांधावरून चालताना तुम्ही पाहिलं आहे. पाटील काय म्हणेल ते मला सांगू नका, मला ठाऊक आहे. कागद माझ्याकडं आहे, शाई मी आणतो. बाई निघायच्या आत या आणि अंगठा द्या.